नऊ सह्या

सुधन्वा बारबोले मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा एक बूट ओल्या सिमेंटमध्ये रुतला होता, आणि तो एका पायावर उभा राहून अस्सल मराठीत स्वतःचीच खरडपट्टी काढत होता.

“गेला. कोरा करकरीत बूट. आता घाल एकच, आणि फीर दिल्लीभर...”

दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या रस्त्यावर मराठी कानावर पडणं म्हणजे नवलच. १९९७ चा जुलै होता. द्वारका तेव्हा सरकारी नकाशात बांधून पुरी झाली होती, जमिनीवर मात्र नुसते खांब, परांच्या आणि खडीचे ढीग. या सगळ्याच्या मधोमध, या सगळ्याच्या आधीपासून असलेलं एक गाव, आणि गावात आमची सरकारी प्राथमिक शाळा. चार खोल्या, एक कडुलिंब, एक हातपंप. तिसरीचा वर्ग माझा. नोकरी कंत्राटी, दर मार्चला संपणारी. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघायचं, धौला कुआंला बस बदलायची आणि दीड तासाने धुळीने माखून उतरायचं. आई म्हणायची, एवढ्या वेळात माणूस पानिपतला पोचतो. अण्णा म्हणायचे, तिकडे नको, तिथे आपलं काही चांगलं झालं नव्हतं.

पण त्या सकाळी मला नवल करायला वेळ नव्हता. माझं डोकं तापलेलं होतं आणि माझ्यामागे एकोणीस मुलं होती.

झालं होतं असं, की त्या वर्षी सरकारी शाळांची एक मोठी पाहणी सुरू होणार होती. तिसरीतल्या मुलाला काय काय यायलाच हवं याची यादी कुठल्याशा ऑफिसात ठरली होती. वर्षातून तीनदा परीक्षा : जुलै, नोव्हेंबर, मार्च. पहिल्या दिवशी जे मूल हजर असेल त्याचं नाव यादीत चढणार, आणि मग वर्षभर त्याच नावाचा माग काढणार. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा : प्राप्त, आंशिक, अप्राप्त. मार्चमध्ये यादीतली निम्मी मुलं ‘प्राप्त’ झाली तर कंत्राटी बाईंची नेमणूक पुढे चालू. नाहीतर नमस्ते.

आमचे हेडमास्तर श्यामलालजी वाईट माणूस नव्हते. त्यांना पुढच्या जूनमध्ये निवृत्त व्हायचं होतं, एवढंच. त्यांनी आदल्या दिवशी मजुरांच्या झोपड्यांवर निरोप पाठवला : कल बच्चों को मत भेजना. मी जाब विचारला तर म्हणाले, “मॅडम, ये लोग टिकते नहीं. आज यहाँ हैं, दिवाली के बाद नोएडा. लिस्ट में नाम चढ़ गया तो आपका ही रिझल्ट डूबेगा.”

ते खरं बोलत होते. म्हणून तर मला जास्त राग आला. जी मुलं या अख्ख्या उपनगराच्या विटा वाहणाऱ्यांची, त्यांचीच नावं नकोत? सकाळी बसमधून उतरले ती शाळेत गेलेच नाही. सरळ झोपड्यांवर गेले, एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं, तोंडं धुवायला लावली आणि वरात घेऊन निघाले. मोठ्या रस्त्यावर ट्रकमागून ट्रक येत होते. आणि तिथे हा बगळा.

“बूट नंतर काढा,” मी म्हटलं. “आधी या दोघांचे हात धरा. रस्ता ओलांडायचाय.”

त्याने मान वर केली. कुणी मराठीत हुकूम सोडेल अशी अपेक्षा नसावी. पण एक आहे... त्याने का, कोण, कशाला असं काही विचारलं नाही. बूट तिथेच सोडला, खांद्यावरची पिशवी सावरली आणि दोन मुलांचे हात धरून, एक पाय मोज्यातला आणि एक बुटातला, असा तो आमच्यात सामील झाला.

“इकडे सरकारी शाळा कुठे आहे?” रस्त्याच्या मध्यावर त्याने विचारलं. “मला तिसरीच्या बाई हव्यात.”

“कशाला?”

“परीक्षा घ्यायचीय. मी पाहणीवाला.”

“अच्छा. म्हणजे एसीत बसून पोरांना नापास करणारे.”

“एसी कुठला, पंखासुद्धा नाही,” तो म्हणाला. “आणि आम्ही नापास करत नाही. अप्राप्त म्हणतो.”

“फार मोठा फरक आहे.”

“काहीच नाही.” तो चालता चालता माझ्याकडे बघून हसला. “पण पलीकडे पोचलो तरी ही दोघं माझा हात सोडत नाहीयेत. त्याचं काय करायचं ते सांगा.”

माझा राग थोडा हलला, हे खरं.

परीक्षक साहेबच मुलांच्या हातात हात घालून फाटकातून आत आले म्हटल्यावर श्यामलालजी काय बोलणार? शेहेचाळीस नावं यादीत चढली. त्यातली एकोणीस झोपड्यांवरची. फूलवती नावाची टीकमगढची एक मुलगी होती, कमरेवर धाकट्या भावाला घेऊन यायची. तिने पेन्सिल हातात घेतली, साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “साब, एकई जूता काए?”

“दूसरा अभी अप्राप्त है,” तो गंभीरपणे म्हणाला.

मी फळ्याकडे तोंड फिरवलं. बाईंनी परीक्षेच्या वेळी हसायचं नसतं.

*

पाहणीच्या नियमाप्रमाणे तो वर्षात तीनदा यायला हवा होता. तो सप्टेंबरपर्यंतच पाच वेळा आला. कधी एखादा फॉर्म राहिला म्हणून, कधी एक सही हवी म्हणून. एकदा तर पेन विसरलो म्हणून आला, आणि पेन त्याच्या खिशाला होतं.

तो बार्शीचा. आयएएस व्हायला दिल्लीत आलेला, दोनदा हुकलेला, करोल बागेतल्या एका खोलीत तिघांबरोबर राहणारा. पोट भरायला ही पाहणीची नोकरी. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, सगळीकडच्या शाळा पालथ्या घालायचा. मी दिल्लीत वाढलेली. माझं मराठी घरापुरतं, आणि तेही मधूनमधून फाटलेलं. वर्गात मी वजाबाकी शिकवताना तो मागे बसून ऐकायचा.

“पडोसी से उधार लिया,” मी फळ्यावर लिहिताना म्हणायचे.

“आमच्याकडे याला हातचा म्हणतात,” सुट्टीत तो म्हणाला. “तुम्हाला माहीत होता?”

“नव्हता.”

“मराठी भाषा... आंशिक,” त्याने हवेत शेरा मारला.

“आणि तुमची हिंदी? काल कंडक्टरला तुम्ही ‘मेरेकू उतरना है’ म्हणालात. अख्खी बस हसली.”

“तुम्ही होतात त्या बसमध्ये?” त्याचे कान लाल झाले. “मग हाक का नाही मारली?”

का नाही मारली... कारण तो खिडकीशी उभा राहून, माझ्या शाळेचा थांबा येईपर्यंत तीनदा केस सारखे करत होता, आणि ते बघायला मला फार आवडलं होतं. हे काय सांगण्यासारखं आहे?

दिवाळीनंतर श्यामलालजींचं भाकीत खरं ठरायला लागलं. एका सोसायटीचा शेवटचा स्लॅब पडला आणि मुकादमाने एका सकाळी ट्रक आणून उभा केला. फूलवती शाळेत सांगायला आली. कमरेवर भाऊ, डोक्यावर गाठोडं. “मॅडम, हम जा रहे.” कुठे, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. मला एकदम वाटलं, ही नव्या गावात नव्या शाळेच्या दारात उभी राहील आणि कुणीतरी हिला पुन्हा पहिलीत बसवून अ आ गिरवायला लावेल. चार महिन्यांत ही पोर पाच ओळींचा धडा वाचायला लागली होती.

टेबलावर अण्णांच्या नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठा होता. मी तो कापला, त्यावर स्केचपेनने लिहिलं : फूलवती. वाचन, प्राप्त. बेरीज, प्राप्त. उधारवाली वजाबाकी, सुरू आहे, तिथून पुढे शिकवा. खाली माझी सही. “जिस स्कूल में जाओगी, वहाँ के मास्टर को दिखाना.” तिने तो पुठ्ठा गाठोड्यात नाही, झग्याच्या आत घातला.

मग मला नादच लागला. रोज कुणीतरी जाणारच. सरोजिनी नगरच्या बाजारात शर्टवाल्यांकडे असे पुठ्ठे ढिगाने पडलेले असतात. मी शनिवारी जाऊन मागून आणायचे. दुकानदारांना वाटायचं, बिचारी, डोक्यावर परिणाम झालाय.

नोव्हेंबरची परीक्षा झाली तेव्हा यादीतली सात नावं गैरहजर होती. सुधन्वाने त्यांच्यापुढे नियमाप्रमाणे आडवी रेघ ओढली. मार्चमध्ये त्या रेघांचा अर्थ ‘अप्राप्त’ असाच धरला जाणार होता.

“हा कसला नियम?” मी म्हटलं. “मूल नोएडाला गेलं म्हणजे त्याचं डोकं इथे राहिलं का?”

“नियम मी केलेला नाही.”

“रेघ तर तुम्हीच ओढलीत.”

त्याने माझ्यासमोरचा एक कोरा पुठ्ठा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि हळूच परत ठेवला.

*

जानेवारीतला एक शनिवार. सरोजिनी नगरात आभाळ भरून आलेलं, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. मी एका दुकानापुढे पुठ्ठ्यांची चळत बांधत होते, तर समोर हा. धापा टाकत.

“घरी गेलो होतो तुमच्या. अण्णा म्हणाले, इकडे सापडाल.”

“घरी? का?”

“फूलवती सापडली.”

माझ्या हातातली दोरी सुटली.

“नोएडात. सेक्टर... सेक्टर जाऊ दे. तिथल्या शाळेत राहिलेले फॉर्म भरायला गेलो होतो. एक मुलगी उठली आणि झग्यातून पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, मास्टरजी को दिखाया, उन्होंने तीसरी में बिठाया. आणि मग मला म्हणाली, साब, दूसरा जूता मिल गया?” तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते, ते भरले होते. “उधारवाली वजाबाकी घातली मी तिला. एक, दोन, तीन... तिन्ही बरोबर. प्राप्त, स्वरूपा. बिल्कुल प्राप्त.”

त्याने मला पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारली होती. त्याच्याही ते लक्षात आलं. आणि नेमका त्याच वेळी पाऊस आला, थंडीतला, सुईसारखा बोचणारा. लोक पळाले, दुकानदारांनी ताडपत्र्या ओढल्या. सुधन्वाने अंगातलं जाकीट काढलं. मला वाटलं... काय वाटलं ते सोडा. त्याने ते पुठ्ठ्यांच्या चळतीवर पांघरलं, चळत उराशी धरली आणि पातळ शर्टात भिजत उभा राहिला.

“आजारी पडशील,” मी म्हटलं. ‘तुम्ही’ कुठे गेलं, माहीत नाही.

“मी वाळेन. पुठ्ठे वाळत नाहीत,” तो म्हणाला.

मी माझी शाल सोडली आणि अर्धी त्याच्या खांद्यावर टाकली. अर्ध्या शालीत दोन माणसं उभी राहायची तर फार अंतर ठेवता येत नाही. आम्ही ठेवलंही नाही.

त्यानंतर तो जिथे जाईल तिथे माझी मुलं शोधायचा. रज्जन गाझियाबादला, तबस्सुम फरिदाबादला. दर भेटीत एखादं नाव घेऊन यायचा, आणि मी दिवस मोजत बसायचे. लोकांना पत्रं येतात, मला वजाबाक्या यायच्या. मी प्रेमात पडले होते, आणि त्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नव्हतं. फक्त तो बोलत नव्हता. दहादा तोंड उघडायचा, आणि म्हणायचा, “बरं, निघतो.”

*

मार्च आला. परीक्षा झाली. यादीतली शेहेचाळीस नावं. पंधरा गेलेली, एकतीस समोर. पाच दिवसांनी श्यामलालजी पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात आले. “मॅडम, तेईस. पूरे आधे. आपकी नौकरी पक्की.”

तेवीस? मी निकालाचा कागद हातात घेतला. मला माझ्या वर्गातलं एकेक डोकं आतून माहीत होतं. चौदा, फार तर पंधरा. मी नावं वाचत गेले आणि सोनेलालपाशी थांबले. सोनेलाल : उधारवाली वजाबाकी, प्राप्त. त्याला शून्यातून उधार घ्यायचं म्हटलं की रडू फुटायचं. कालही फुटलं होतं. त्याच्यासारखी आणखी आठ. नऊ जणांच्या ‘आंशिक’चं ‘प्राप्त’ झालं होतं, आणि कागदाखाली सही होती सु. बारबोले.

शाळा सुटल्यावर तो फाटकाशी उभा होता. चेहरा असा की जणू मोठं काही कमावून आणलंय.

“नऊ खोटे शेरे,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. “तुला... कळलं?”

“माझी मुलं आहेत ती.”

“स्वरूपा, ऐक. तो नियमच खोटा आहे. तूच म्हणालीस. त्या एकोणीस पोरांना तू घरी राहू दिलं असतंस तर आज तुझी नोकरी आरामात राहिली असती. त्या दिवशी मीही त्यांना हात धरून आणलं. मग त्याची शिक्षा तुला एकटीला का? नऊच तर शेरे बदलले...”

“आणि मेमधला खास वर्ग? तो कुणासाठी आहे?”

‘आंशिक’ आणि ‘अप्राप्त’ मुलांसाठी सुट्टीत महिनाभराचा वर्ग होणार होता. ‘प्राप्त’ मुलाला त्यात जागा नव्हती. हे त्यानेच मला सांगितलं होतं.

“सोनेलाल प्राप्त झाला. आता त्याला कोण शिकवणार? चौथीत जाईल, पाचवीत जाईल, आणि जन्मभर शून्यासमोर रडेल. का, तर स्वरूपा मॅडमची नोकरी राहावी म्हणून.”

“मी हे तुझ्यासाठी...” तो एक पाऊल पुढे आला. “मी तुझ्यावर...”

“आत्ता नको,” मी म्हटलं. वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते मी त्याच्या ओठांवरच अडवलं. “लोक फुलं देतात, सुधन्वा. तू मला नऊ मुलांचं नुकसान दिलंस. मला नको ते. खरे शेरे लागेपर्यंत तोंड दाखवू नकोस.”

धौला कुआंपर्यंत मी रडले नाही. तिथे बस बदलताना मात्र मला काही दिसेना.

*

आठ दिवसांनी श्यामलालजींनी मला दुरुस्त केलेला कागद दिला. या वेळी पेढे नव्हते. मी त्याची झेरॉक्स घरी आणली आणि अण्णांपुढे ठेवली. अण्णा तीस वर्षं मंत्रालयात फायली हाताळलेला माणूस. आमच्या घरात वाण्याच्या यादीतसुद्धा खाडाखोड केली तर शेजारी सही करावी लागायची. शब्द एका रेघेने खोडायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं. बाजूला सही आणि तारीख. मी शाळेत असताना निबंधाच्या वहीतही सह्या करायचे, आणि बाई मला वर्गाबाहेर काढायच्या.

अण्णांनी चष्मा पुसला. नऊ ठिकाणी ‘प्राप्त’वर एक एक सरळ रेघ. वर ‘आंशिक’. बाजूला नऊ सह्या, नऊ तारखा. तळाशी एक ओळ : मूळ नोंद मी हेतुतः चुकीची केली होती.

“हे कोणी शिकवलं त्याला?” अण्णांनी विचारलं.

“मीच. गमतीत सांगितलं होतं एकदा, आपल्या घरची रीत म्हणून.”

“हं.” अण्णांनी एकेक सही बोटाने मोजली. “खाली एकच सही करून ‘वरील सर्व’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. लोक तेच करतात. याने एकेक चूक वेगळी कबूल केली. नोकरी गेली असेल त्याची.”

“गेली.”

“आणि तुझी?”

“एकतीस तारखेला.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कोण हा? तोच ना, जानेवारीत भिजून आलेला? बारबोले म्हणजे कोण?”

“बारबोले म्हणजे बार्शीचे,” अण्णा म्हणाले.

“तसं नाही हो, म्हणजे आपल्यातले...”

“हेमलता, मी तुला सांगितलं ना, बार्शीचे.” आणि त्यांनी कागद घडी न पाडता माझ्या हातात परत दिला.

नोकरी गेली. सुधन्वा आला नाही. खरे शेरे लागले होते, आता यायला काय झालं होतं? एप्रिल गेला. मी त्याच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, मग पुन्हा त्याच्यावर.

मेमध्ये खास वर्ग मंजूर झाला. सतरा मुलं, त्यात ती नऊ. शिकवायला मात्र कुणी येईना. मे महिन्यातल्या दिल्लीत, द्वारकेच्या धुळीत, सुट्टी सोडून कोण येणार? मी गेले. नेमणूक नाही, पगार नाही, हजेरीपटावर नाव नाही. श्यामलालजींनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मैंने आपको नहीं देखा.”

वर्ग आम्ही कडुलिंबाखाली भरवला. चौथ्या दिवशी सोनेलालने शून्यातून उधार घेतलं आणि रडला नाही. फळ्यापाशी जाऊन उत्तर लिहिलं आणि मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या पाठीमागे.

सुधन्वा फाटकात उभा होता. दोन्ही बूट घालून. काखेत पुठ्ठ्यांची चळत.

“किती वेळचा उभा आहेस?”

“शेहेचाळीस वजा सतरापासून.”

“आणि दोन महिने कुठे होतास?”

“लाज वाटत होती.” सरळ, एका दमात बोलला. “मग वाटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं. म्हणून हे करत बसलो.” त्याने एक कागद पुढे केला. गेलेल्या पंधरा मुलांपैकी अकरा त्याने शोधून काढली होती, पुठ्ठ्यांवरून. प्रत्येकाची शाळा, प्रत्येकाचा शेरा. “सात प्राप्त. अहवालाला जोडा म्हणून ऑफिसात नेऊन दिला होता. नमुन्यात बसत नाही म्हणून परत आला.”

“चौदा आणि सात, एकवीस,” मी म्हटलं. “तरीही दोन कमीच.”

“दोन कमीच.”

“असू देत. एकवीस खरी आहेत.”

तो तसाच उभा. झाडाखाली सतरा मुलं, सतरा तोंडं आ वासून आमच्याकडे. मग त्याने चळतीतला सगळ्यात वरचा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं :

सुधन्वा. मुलांचे हात धरून रस्ता ओलांडणे, प्राप्त. हातच्याची वजाबाकी, प्राप्त. खरं बोलणे, आंशिक. स्वरूपाला मनातलं सांगणे, अप्राप्त. जिथून राहिलं तिथून पुढे शिकवा.

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. पण मी काही इतक्या सहज सुटू देणारी नव्हते.

“पुठ्ठ्यावर लिहिलेलं आमच्याकडे चालत नाही,” मी म्हटलं. “तोंडी परीक्षा.”

“यांच्यासमोर?”

“यांच्यासमोर.”

त्याने एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. कान लालबुंद. “माझं... स्वरूपा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. जुलैपासून. तू बूट नंतर काढा म्हणालीस तेव्हापासून. मला नोकरी नाही, प्रीलिम पंधरा दिवसांवर आहे आणि अभ्यास काही झालेला नाही. पण तू पुन्हा कुठल्याही रस्त्यावर हात धर म्हणालीस, तर मी धरेन. आणि पुन्हा तुझ्यासाठी कधी खोटं लिहिणार नाही.”

“मॅडम, पास?” सोनेलालने विचारलं.

मी पेन काढलं. ‘आंशिक’वर एक सरळ रेघ, वर ‘प्राप्त’. ‘अप्राप्त’वर एक सरळ रेघ, वर ‘प्राप्त’. आणि दोन्ही ठिकाणी बाजूला सही केली, तारखेसकट. पूर्ण नाव : स्वरूपा विनायक सबनीस.

“ही सही बघून ठेव,” मी म्हटलं. “लग्नानंतरही हीच राहणार. आई काहीही म्हणो, तुझी बार्शी काहीही म्हणो.”

“राहू दे,” तो म्हणाला. “बदललीस तर माझा पुठ्ठा खरा कोण मानेल?”

मग मी त्याच्या हातात खडू दिला, कारण तास अजून संपायचा होता आणि आठ मुलांची वजाबाकी राहिली होती.